शिकवणी सुटावी म्हणून

माझ्या कपाटात फुलस्केप वह्यांचा एक गठ्ठा आहे. गेली २८ वर्षे मी घरी शिकवणी घेते. पाचवी ते दहावीची मुले, विषय गणित आणि विज्ञान. प्रत्येक मुलासाठी या वह्यांत दोन-चार पाने राखलेली असतात. वर नाव, इयत्ता आणि तारीख, खाली त्या मुलाच्या चुका. हे पुस्तक त्या वह्यांतून निघाले आहे.

सुरुवातीच्या वह्या आज उघडल्या की त्यांत ‘वजाबाकी कच्ची’, ‘अपूर्णांक येत नाहीत’, ‘लक्ष नसते’ असे शेरे दिसतात. सात-आठ वर्षांनंतरच्या वह्यांतून हे शेरे नाहीसे झाले आहेत. तिथे मुलाने केलेले उदाहरण जसेच्या तसे उतरवलेले आहे : ५२ – २७ = ३५. शेजारी मुलाचे स्वतःचे शब्द : “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” पहिल्या प्रकारच्या नोंदीपासून दुसऱ्या प्रकारच्या नोंदीपर्यंत यायला मला इतकी वर्षे लागली. शिकवणीचा चांगला शिक्षक कसा असतो, असे कुणी विचारले तर मी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवते.

‘वजाबाकी कच्ची’ हा निकाल झाला. तो वाचून पुढे काय करायचे ते कळत नाही. फार तर आणखी पन्नास वजाबाक्या करायला द्यायच्या. ‘५२ – २७ = ३५’ ही नोंद मात्र पुष्कळ काही सांगते. या मुलाने स्वतःचा एक नियम बनवला आहे. दोन अंकांपैकी मोठ्यातून लहान वजा करायचा, मग मोठा अंक वर असो की खाली. जिथे हातचा घ्यावा लागत नाही तिथे हा नियम अचूक उत्तर देतो, म्हणून मुलाला तो खरा वाटतो. त्याला पन्नास वजाबाक्या दिल्या तर त्याचा चुकीचा नियम पन्नास वेळा पक्का होतो. त्याच्यापुढे काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्या लागतात. “यातून सत्तावीस काढून दे,” म्हटले की तो दोन जुड्या उचलतो, सुट्यांकडे वळतो आणि थांबतो. सात काड्या हव्यात, आहेत दोनच. थोडा वेळ जातो. मग तो स्वतःच एका जुडीचा दोरा सोडतो. हातचा म्हणजे काय, हे त्या सुटलेल्या दोऱ्यातून त्याला कळलेले असते. पुन्हा सांगावे लागत नाही.

एका मुलाजवळ बसून त्याच्या मनातला नियम शोधायचा, तो त्यालाच दिसेल अशी व्यवस्था करायची आणि मग बाजूला व्हायचे, एवढेच शिकवणीचे काम आहे असे मला वाटते. ते दिसते तितके सोपे नाही.

शिकवणी म्हटले की आज आपल्याला फी, बॅच आणि टक्केवारी आठवते. पण महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या काही मोठ्या गोष्टी घरातल्या शिकवणीतून सुरू झाल्या आहेत. सावित्रीबाई फुले यांनी अक्षरे गिरवली ती घरी, जोतीरावांकडून. पुढचा अभ्यास जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी करून घेतला. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या स्वतः शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये झाले. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरी शिकवायला घेतले. घरातल्या बायकांच्या बोलण्याला तोंड देत त्या मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या. पुढे १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात असंख्य बायकांच्या शिक्षणाची सोय त्यांनी केली.

तिसरे उदाहरण मालेगावजवळच्या कवळाणे गावचे. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीसाठी या गावातला एक बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला गेला. त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांपासून सगळा अभ्यास सुरू झाला. १८८१ च्या डिसेंबरात शिक्षण आटोपून राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली. हे तिसरे सयाजीराव गायकवाड. १९०६ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही राजकोटनंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली अभ्यास केला आणि १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. स्वतःसाठी स्वतंत्र शिक्षक मिळालेल्या दोन राजांनी शाळा सर्वांसाठी उघडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ही माणसे मोठी होती, आपण साधी आहोत, हे खरे. पण या सगळ्या शिकवण्यांत एक साम्य आहे आणि ते आपल्यालाही लागू पडते. प्रत्येक शिकवणीला शेवट होता. शिकणारे माणूस एका दिवशी शिकवणाऱ्याविना चालू लागले, आणि पुढे दुसऱ्यांच्या शिक्षणाची वाट मोकळी करू लागले.

या परंपरेला एक काळी बाजूही आहे. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी घरीच शिकवले आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून त्या डॉक्टर झाल्या. पण त्या शिकवण्यात मारझोड होती. लहान वयात सोसलेल्या त्या माराची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून पाठवलेल्या पत्रात नवऱ्याला करून दिली आहे. “आम्हालाही मास्तरांनी बडवलं, म्हणून तर शिकलो,” असे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मी त्यांना आनंदीबाईंबद्दल सांगते. त्या शिकल्या ते आपल्या बुद्धीने आणि जिद्दीने. माराचा वळ त्यांच्या मनावर राहिला तो राहिलाच.

आजचे चित्र वेगळे आहे. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या पाहणीत २०२२ साली देशभरातल्या पहिली ते आठवीच्या मुलांपैकी ३०.५ टक्के मुले पैसे भरून शिकवणीला जात असल्याचे आढळले. त्याच्या चार वर्षे आधी हे प्रमाण २६.४ टक्के होते. २०२२ मध्ये बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये ते सत्तरच्या वर होते. ही ग्रामीण मुले आहेत. आपल्या शहरांत संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात चपलांचा ढीग दिसला की वर शिकवणी चालू आहे, हे विचारावे लागत नाही.

कायद्याने या व्यवहाराला दोन बाजूंनी कुंपण घातले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ते योग्यच आहे. वर्गात अर्धे शिकवायचे आणि उरलेले घरी विकायचे, हा मोह त्यामुळे आवरतो. दुसरे कुंपण केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचे. १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, शिक्षक किमान पदवीधर असावा, असे त्यात म्हटले आहे. पण पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेली संस्था म्हणजे कोचिंग सेंटर, अशी त्यात व्याख्या आहे. माझ्यासारखी बाई बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरून आठ मुलांना शिकवते, तेव्हा ती यांतल्या कुठल्याच कुंपणात येत नाही. तिच्या कामाची तपासणी करायला कुणी येणार नाही. तिचे काम चांगले की वाईट, हे तिलाच ठरवावे लागते. तिच्या हाताशी एखादे माप असावे, या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे.

एकट्या मुलाला शिकवण्यात मोठे बळ आहे. १९८४ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी असे मांडले की एकास एक शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही. तरी शिकवणीचा उपयोग होतो, यावर पुष्कळांचे एकमत आहे. माझ्या अनुभवात याचे कारण साधे आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला उत्तरपत्रिका दिसते ती चूक होऊन आठवडा लोटल्यावर. शिकवणीत चूक घडते तेव्हा आपण शेजारी बसलेले असतो. पण शेजारी बसूनही आपण वर्गासारखेच फळ्यावर शिकवत राहिलो, तर हे बळ वाया जाते. आठ मुलांची शिकवणी म्हणजे छोटा वर्ग, असे समजून चालणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. सुरुवातीला मीही तेच करत होते.

चांगल्या शिक्षकाचा पहिला गुण मी सांगेन तो विचारण्याचा. “उत्तर काय आलं?” हा प्रश्न शाळा विचारते. शिकवणीने “कसं केलंस?” असे विचारावे, आणि उत्तर बरोबर असतानाही विचारावे. एकदा नववीतल्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले. “बाई, हिचं गणित कच्चं आहे, दहावीच्या आत सगळं करून घ्या,” असे म्हणाले. मी तिला एक ओळ दिली : ३ एक्स = १२. तिने उत्तर लिहिले : ९. कसे केले विचारल्यावर म्हणाली, “पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना? तीन पलीकडे गेले, वजा झाले.” शाळेत सांगितलेला नियम तिने अत्यंत प्रामाणिकपणे पाळला होता. आम्ही भाजीवाल्याचा तराजू काढला. एका पारड्यात गुळाच्या सारख्या वजनाच्या तीन ढेपा, दुसऱ्यात बारा किलोचे माप. एका ढेपेचे वजन किती? “चार किलो. भागायचं,” ती लगेच म्हणाली आणि वहीतल्या ओळीकडे पाहत राहिली. कुठलीच संख्या कुठे पलीकडे जात नसते, दोन्ही पारड्यांवर एकच क्रिया करायची असते, हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितले नव्हते. तिचे बीजगणित त्या एका गोष्टीपाशी अडून बसले होते. तिचे वडील ज्याला ‘सगळं’ म्हणत होते, त्यातले पुष्कळसे एका संध्याकाळी सुटले.

यात दुसरा गुण आलाच. शिक्षकाला विषय खालपर्यंत माहीत हवा. दहावीचे गणित शिकवणाऱ्याला दहावीची उदाहरणे सोडवता आली की पुरते, असे वाटते. पण दहावीतले अडखळणे पुष्कळदा पाचवीतल्या अपूर्णांकात असते. ०.४५ आणि ०.५ यांत मोठे कोणते, असे मी नव्या मुलाला हमखास विचारते. आठवीतलीसुद्धा मुले ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. पूर्वी मी पैशांचे उदाहरण देत असे. आता ते चालत नाही. पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्येच बंद झाले, आणि या मुलांच्या हाती रुपयाखालचे नाणे कधी पडलेलेच नाही. मग मी शिवणाच्या डब्यातली टेप काढते. मीटरचा अर्धा भाग पन्नास सेंटिमीटरवर येतो, पंचेचाळीसची खूण त्याच्या अलीकडे. मूल बोट ठेवून पाहते आणि हसते. उदाहरण मुलाच्या आजच्या जगातले लागते, आपल्या लहानपणाचे चालत नाही. हे ओळखत राहणे हाही विषय माहीत असण्याचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि दोन आधी लिहितो. एकोणतीस ऐकताना कानावर ‘तीस’ पडते आणि मुलाचा हात तिनाकडे जातो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्या वाचण्याची सोपी पद्धत जुन्या नावांच्या जोडीला दिली, तेव्हा केवढा वाद झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की लहान मुलांना संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते. कुठली पद्धत वापरावी यावर मतभेद असू शकतात. पण ती अडचण खरी आहे. मुलाजवळ बसणाऱ्याला ती रोज दिसते.

पुढच्या इयत्तांत ही अडचण सेमी-इंग्रजीच्या रूपाने येते. मूल सातवीपर्यंत अंश आणि छेद म्हणत आलेले असते. आठवीत शाळा न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर म्हणू लागते. लसावि एका दिवसात एल.सी.एम. होतो. मुलाला कल्पना माहीत असते, नाव ओळखीचे नसते. मी माझ्या मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखायला सांगते. एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत. दोन महिन्यांत पान भरते आणि ‘विज्ञान समजत नाही’ असे म्हणणाऱ्या निम्म्या मुलांना विज्ञान समजू लागते. त्यांचे अडत होते ते शब्दांपाशी.

चौथा गुण थांबण्याचा. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत आणि तोवर तोंड उघडू नये. शिकवणाऱ्याला हे फार जड जाते. समोरची शांतता आपल्याला अपयशासारखी वाटते, म्हणून आपणच उत्तर सांगून टाकतो. मूल तेवढ्यात शिकते की गप्प बसले की उत्तर मिळते. काही मुले तर चेहऱ्यावरून उत्तर काढण्यात तरबेज होतात. “भागायचं?... नाही, गुणायचं?” असे म्हणत ती आपल्या भुवया वाचत असतात. आपण वहीत पाहत राहावे. मुलाने उदाहरणाकडे पाहावे, आपल्या तोंडाकडे नको.

माराबद्दल वर लिहिलेच आहे. छडी आता फारशी दिसत नाही. तिची जागा टोमण्याने घेतली आहे. “एवढंही येत नाही?”, “तुझी ताई कशी होती!”, “दुसऱ्या बॅचमधली मुलं तुझ्या पुढे गेली” ही वाक्ये मी स्वतः उच्चारलेली आहेत. त्यांनी कधीही, एकाही मुलाचे एकही उदाहरण सुटलेले नाही. चूक झाली की ती मी वहीत उतरवून घेते हे मुलांना माहीत असते. त्यामुळे माझ्याकडे चूक ही लपवायची गोष्ट राहत नाही. नवीन चूक सापडली की काही मुले आपणहून सांगतात, “बाई, ही तुमच्या वहीत लिहा.” ज्या खोलीत मूल असे म्हणते, तिथे शिकणे सुरू झालेले असते.

पालकांशी आपले नाते सरळ असावे. दहावीला पास व्हायला ३५ गुण लागतात आणि एखाद्या घराचे पहिले ध्येय तेवढेच असते. ते कमी लेखू नये. दुसऱ्या घरात ९५ च्या खाली काही चालत नाही. दोघांनाही तेच सांगावे : मूल आज कुठे आहे, पुढच्या महिन्यात कुठे असेल, आणि त्यासाठी घरी काय करावे लागेल. “हुशार आहे हो, पण मेहनत करत नाही,” हे वाक्य पालकांना गोड लागते, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. फी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावी. ज्याला ती झेपत नाही त्याची सवलत इतर मुलांना कळू देऊ नये. शाळेचा गृहपाठ आपण करून देऊ नये, शाळेच्या शिक्षकांबद्दल मुलासमोर वाईट बोलू नये. अपेक्षित प्रश्नांच्या याद्या वाटून आपले नाव मोठे करण्याचा मोह टाळावा. परीक्षेच्या आधी सराव हवाच, पण तो धडा समजून झाल्यानंतरचा.

आणि एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. मूल आपल्या घरात येते ते आईवडिलांच्या विश्वासावर. शिकवणीच्या खोलीचे दार उघडे असावे आणि येता-जाता घरातल्यांची नजर पडेल अशी बसण्याची जागा असावी. मुलांशी रात्री-अपरात्री फोनवर बोलणे किंवा निरोप पाठवणे नको. एखादे मूल कधी घरातली किंवा बाहेरची एखादी भयंकर गोष्ट आपल्यापाशी बोलते. तिथे ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. त्याचे नीट ऐकावे आणि योग्य ठिकाणी मदत मागावी. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. तो क्रमांक शिकवणी घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवा.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येते. माझ्याकडे सहावीपासून दहावीपर्यंत पाच वर्षे एक मुलगा येत होता. रोज संध्याकाळी, सुट्टी न घेता. मी धडा समजावून सांगत असे, मग तो उदाहरणे सोडवत असे. दहावीला त्याला उत्तम गुण मिळाले, त्याच्या आईने पेढे आणले, माझे नाव सगळ्या गल्लीत झाले. अकरावीला तो दुसऱ्या शहरात गेला. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला तेव्हा त्याच्या हातात पुस्तक होते आणि ते मिटलेले होते. तो म्हणाला, “बाई, कुणीतरी आधी सांगितल्याशिवाय मला धडा वाचताच येत नाही.”

त्याची काहीच चूक नव्हती. मी पाच वर्षे त्याला पुस्तकापासून दूर ठेवले होते. प्रत्येक धड्यात त्याच्याआधी मी शिरत होते आणि त्याला तयार वाट दाखवत होते. स्वतः वाट काढायची वेळ त्याच्यावर मी कधी येऊच दिली नाही. त्याचे गुण मी वाढवले होते, पण त्याची अभ्यास करण्याची ताकद वाढवली नव्हती. त्या दिवाळीनंतर मी माझी शिकवणी बदलली.

आता पालक पहिल्यांदा येतात तेव्हाच मी शिकवणी कधी थांबवायची, हे बोलते. बहुतेक मुलांना चार ते आठ महिने पुरतात. पहिला महिना चुका शोधण्यात आणि मागची भोके बुजवण्यात जातो. दुसऱ्या महिन्यापासून धडा मूल आधी घरी वाचते आणि जिथे अडले तिथे पेन्सिलने फुली मारून आणते. शिकवणीची सुरुवात माझ्या बोलण्याने होत नाही, “आज मला इथे अडलं” या त्याच्या वाक्याने होते. फुल्या हळूहळू कमी होतात. मग रोजऐवजी आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, आणि एका दिवशी मी सांगते, “आता अडलं तरच ये.” काही मुले महिन्याभराने येतात, एखादा प्रश्न विचारतात आणि जातात. बरीचशी परत येत नाहीत. त्यांचे पान मी वहीत बंद करते आणि तारीख घालते.

यावर माझ्या ओळखीच्या शिकवणी घेणाऱ्या बायका विचारतात, “मग आपलं घर कसं चालायचं?” हा प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कितीजणींचा संसार या फीवर उभा आहे. मुले लवकर सुटू लागली तेव्हा दोन वर्षे माझी मिळकत खरोखर घटली, आणि ते मी लपवत नाही. पण सुटलेल्या मुलांच्या घरांनी नवी मुले पाठवली. आज माझ्याकडे जागेपेक्षा जास्त मुले येतात. सगळ्यांचेच असे होईल, अशी खात्री मी देऊ शकत नाही. एवढे मात्र सांगते की ज्या मुलाला आपली गरज उरलेली नाही त्याची फी घेणे मला जमत नाही.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात नव्या मुलाची पहिली भेट आणि अडणारी जागा शोधण्यासाठीचे प्रश्न. दुसऱ्यात अंकगणित, बीजगणित आणि भूमितीतल्या नेहमीच्या चुका, त्यांमागचे मुलाचे नियम आणि त्यांवर चाललेले उपाय. तिसरा भाग विज्ञानाचा आणि सेमी-इंग्रजीतल्या शब्दांचा आहे. चौथ्यात पालक, फी, वेळापत्रक आणि मुलांची सुरक्षितता यांविषयी लिहिले आहे. पाचवा भाग शिकवणी थांबवण्याचा आहे, आणि तो मुद्दाम सर्वांत मोठा ठेवला आहे. मुलांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा आहेत. सगळे उपाय सगळ्या मुलांना लागू पडतील असे नाही. वाचनाची किंवा आकडे ओळखण्याची खोलवरची अडचण असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञांकडेच जावे लागते. ती लक्षणे कशी ओळखावीत, एवढेच इथे सांगितले आहे.

पालकांसाठीही एक शब्द. प्रत्येक मुलाला शिकवणी लागत नाही. पुष्कळांना आठ तासांची झोप, संध्याकाळचे मैदान आणि रात्री जेवणानंतर शेजारी बसून “आज काय अडलं?” विचारणारे घरातले माणूस पुरते. ते माणूस शिकलेले नसले तरी चालते, कारण समजावून सांगताना मूल स्वतःच शिकत असते. तेवढे करून पाहिल्यावरही अडत असेल तरच आमच्या दारी या.

ज्या मुलांनी चुका करून मला शिकवले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. त्यांतली काही आज स्वतः शिकवणी घेतात. हे पुस्तक आधी त्यांच्या हाती जाईल.

वाचक शिकवणी घेत असतील तर त्यांना एक विनंती. हे पुस्तक संपवण्याची घाई करू नका. आजच एक कोरी वही घ्या. उद्या येणाऱ्या पहिल्या मुलाचे नाव, इयत्ता आणि तारीख वर लिहा. त्याची पहिली चूक आणि तिच्यामागचे त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. त्याच पानाच्या तळाशी, त्याची शिकवणी ज्या महिन्यात सुटावी असे तुम्हाला वाटते, तो महिनाही लिहून ठेवा.